चोवीस दिवसांची गढी

ढाणकीला गेलो होतो तो मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला. लग्न आटोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वऱ्हाडातली तरुण मंडळी सहस्रकुंडाकडे पळाली. मराठीच्या प्राध्यापकाला वर्गात धबधब्यांची इतकी वर्णने समजावून द्यावी लागतात की खरा धबधबा पाहण्याची त्याला हौस उरत नाही. मी आपला मामांना घेऊन ऑटोने पैनगंगेवर गेलो.

"त्या तिकडे आईचं माहेर," मामांनी काठी उचलून पलीकडचा काठ दाखवला. "पण माहेरी जाते असं ती कधी म्हणाली नाही. 'मोगलाईत जाते' म्हणायची."

म्हणायचीच ती! अलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, पलीकडे निजामाचा हाली शिक्का. पदराच्या गाठीला दोन्ही नाणी बांधून आजी नदी उतरे.

नदीला हा सरहद्दीचा मान मिळाला कसा, याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. 1819 साली दोन्ही काठ निजामाचेच होते. या मुलखात तेव्हा हटकर नाईकांचा दरारा. त्यांतले नोवसाजी नाईक निजामाला जुमानीनात. हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांनी 1813 साली निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, एक कवायती फौज उभी केली होती. ती मेजर पिटमनच्या हुकमतीखाली नाईकांवर चालून आली. उमरखेडला लढाई झाली. नाईक आपल्या नाव्ह्याच्या गढीत जाऊन बसले. 8 जानेवारी 1819 ला वेढा पडला आणि 31 तारखेला तटाच्या खिंडारातून पलटणी आत घुसल्या. आत पाचशेहून अधिक शिबंदी होती, पुष्कळसे अरब. त्यांतले बहुतेक तेथेच कापले गेले. नोवसाजींना हैदराबादेस नेले. तेथेच त्यांचा अंत झाला. इतिहासाने या गढीला दिलेले दिवस मोजून चोवीस!

गढी गेली, नाव मात्र राहिले, आणि तेही जिंकणाऱ्यांकडे. इंग्रजी दप्तरात नाव्ह्याचे 'नोवाह' झाले, ते पलटणीच्या सन्मानांत लिहिले गेले. त्याच फौजेच्या वंशातून पुढे आपली कुमाऊँ रेजिमेंट आली, आणि तिच्या जुन्या लढायांच्या यादीत हे नाव आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या जवानांना हे गाव कुठले, हे कोण सांगणार?

पण खरी गंमत पुढेच आहे. नाईक संपले तरी फौज संपली नाही. हिंगोलीला तिची छावणी पडली. पगार निजामाने द्यायचा, हुकूम इंग्रजांनी. पगाराची बाकी साचत साचत एवढी झाली की 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. म्हणजे ज्या पलटणींनी नाईकांची गढी पाडली, त्यांच्याच पगारापायी आमच्या ढाणकीची आणि आजीच्या माहेराची ताटातूट झाली. 1902 साली लॉर्ड कर्झननी वर्षाला 25 लाखांवर वऱ्हाड कायमचे खंडाने घेतले, 1903 साली हिंगोलीची छावणीही मोडली. सरहद्द तेवढी राहिली.

तीच सरहद्द 1948 साली कामाला आली. रझाकारांच्या धुमाकुळात आजीचा धाकटा भाऊ रात्री नदी ओलांडून आला आणि ढाणकीच्या माळ्यावर राहिला.

"आई त्याला ताट नेऊन द्यायची," मामा सांगत होते, "आणि रोज पलीकडे पाहायची. वडील तिकडेच होते ना."

सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली. मामांचे आजोबा सुखरूप होते. 1956 साली वऱ्हाड व मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्रात.

"मग आजी माहेरी जाते म्हणायला लागली?" मी विचारले.

मामा हसले. "छे रे! शेवटपर्यंत मोगलाईतच जायची."