मित्राचे निशाण

खेळाची पारख त्यातील जयावरून करू नये. पडलेल्या गड्याचे त्या खेळात काय होते, यावरून करावी. आपल्या हुतूतूचेच पाहा ना! बाद झालेला गडी 'मेला' म्हणून बाहेर बसतो. पण सोबत्यांनी प्रतिपक्षाचा एक गडी टिपला, की तो पुन्हा 'जिवंत' होऊन मैदानात येतो. बाहेर बसलेल्या त्या मुलाच्या डोळ्यांतील आशा मी शाळेच्या पटांगणावर वर्षानुवर्षे पाहिली आहे.

हल्ली मुले पडद्यावर 'बॅटल रॉयल' जातीचे खेळ खेळतात. कोशुन ताकामी या जपानी लेखकाच्या १९९९ सालच्या कादंबरीने हे नाव गाजविले. नियम मोठा निष्ठुर! अनेक खेळाडू एका भूमीवर उतरतात, शस्त्रे शोधतात. भोवतीचे वर्तुळ आवळत जाते आणि अखेर एकच खेळाडू किंवा एकच संघ उरतो. २०१७ साली निघालेल्या 'पबजी'त असे १०० जण उतरतात. अशा खेळात पडलेल्याची विचारपूस कोण करणार?

पण माझ्या नातवाने मला 'एपेक्स लेजंड्स' हा २०१९ सालचा अमेरिकन खेळ दाखविला. त्याच्या मूळ प्रकारात तिघा-तिघांचे २० संघ असतात. त्यातील पात्रेही मोठी विलक्षण! लाइफलाइन ही श्रीमंत घरची मुलगी. घरची संपत्ती युद्धावर पोसलेली आहे, हे कळताच तिने घर सोडले आणि पीडितांच्या सेवेचे व्रत घेतले. धिप्पाड जिब्राल्टरला दरडीतून वाचविताना त्याच्या वडिलांनी हात गमावला; तेव्हापासून तो इतरांचे रक्षण करतो. शत्रूच्या माऱ्यात तो सोबत्यांवर घुमटासारखी ढाल धरतो.

या खेळात गडी पडला, की मागे त्याचे निशाण उरते. ते ठराविक वेळात उचलून नेमलेल्या ठिकाणी पोहोचविले, तर तो परत येतो. मात्र त्या खटपटीत शत्रूला आपला सुगावा लागतो.

एकदा नातवाचा असाच एक सोबती पडला. तो कोण, कुठला, हे नातवास ठाऊक नव्हते. दोघांची भाषाही एक नव्हती. सारा व्यवहार पडद्यावरील खुणांनी चाललेला. वर्तुळ आवळत होते. नातू आत सुरक्षित होता. तरी तो निशाणासाठी मागे धावला आणि वाटेतच गारद झाला.

"हरलास ना रे?" मी विचारले.

"हो, आजोबा. पण त्याचं निशाण तिथंच कसं टाकायचं?"

मी निरुत्तर झालो. बंदुकांचा खेळ मला आजही रुचत नाही, आणि त्यापायी मुलांनी उन्हातले मैदान विसरावे, हे तर मुळीच रुचत नाही. पण ज्याचे नावगावही माहीत नाही, त्याच्यासाठी हातची जीत सोडण्याची बुद्धी त्या मुलाला झाली, हे मी कसे नाकारू?

मुलांनो, पडद्यावरचा गडी पुन्हा उठतो. जगात पडलेल्याला उठविण्यास माणसाचाच हात लागतो. परीक्षेत मागे राहिलेला, घरच्या अडचणीने शाळा सुटलेला एखादा सोबती तुमच्याही वर्गात असेल. त्याचे निशाण कोण उचलणार?