माळ्यावरच्या कॅसेटी

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग टेल्को आणि बजाज आले. आमच्या आई-वडिलांची पिढी गावं सोडून इथे आली ती या कारखान्यांच्या भरवशावर. जनरल शिफ्टवाल्यांच्या घरात सकाळ रेडिओवर चाले. सात पाचला पुणे केंद्रावरून सुधा नरवणे यांच्या आवाजात बातम्या लागल्या की डबा भरायची घाई सुरू होई. त्या रेडिओचा परवाना असे. पोस्टात दरवर्षी फी भरायची आणि ती पुस्तिका रेशनकार्डाजवळ जपायची. बुधवारी रात्री सिलोनवर अमीन सयानी. खरखरीतून स्टेशन पकडणाऱ्या मोठ्या भावाचा तेव्हा घरात मान असे.

वडीलधारी मंडळी मात्र बोलत गीतरामायणाबद्दल. १ एप्रिल १९५५ पासून वर्षाहून थोडा अधिक काळ पुणे केंद्रावरून दर आठवड्याला नवं गीत, एकूण ५६. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. आम्ही कॅसेटवर ऐकलं ते बाबूजींनी एकट्याने गायलेलं. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी गळे होते. ते ऐकायचे तर आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांकडेच जावं लागतं. टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरत. त्या काळातलं किती प्रसारण असं कायमचं गेलं असेल!

जपणं म्हणजे काय, ते पी. के. नायर यांनी दाखवलं. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि या माणसाने दारोदार फिरून रिळं गोळा केली. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' त्यांच्यामुळेच आपल्याला पाहता येतो. 'आलम आरा'ची मात्र एकही प्रत उरलेली नाही. २००३ च्या आगीत पुण्यातलीच नायट्रेटची कितीतरी रिळं जळाली.

आता आपल्या माळ्यांवर पाहा. टू-इन-वनवर रेडिओवरून उतरवलेल्या श्रुतिका, वसाहतीतल्या गणपतीतली नाटकं, आजीच्या ओव्या, बारशातली गाणी. यांतल्या बहुतेकांची दुसरी प्रत कुठल्याही सरकारी संग्रहात नसेल. पावसाळ्यात टेपला बुरशी लागते. तशी कॅसेट थेट मशीनमध्ये घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. डिजिटल प्रत दोन ठिकाणी ठेवा, मूळ कॅसेट टाकू नका. आणि आवाज ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून प्रत्येक कॅसेटवर नाव आणि साल लिहा. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तो खोका भंगारवाल्याला देऊ नका.