डाव्या हाताची गिटार

धर्मगुरूच्या दारी नाना प्रकारचे प्रश्न येऊन उभे राहतात. कुणाच्या लग्नाचा, कुणाच्या नोकरीचा, कुणाच्या घराच्या वाटणीचा. सेमिनरीतील प्रदीर्घ शिक्षणात त्यांतील पुष्कळ प्रश्नांची तयारी करून घेतलेली असते. परंतु २०२४ च्या जून महिन्यात, पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर, मालाडमधील आमच्या कचेरीत आजोबा, वडील आणि नातू असे तिघे येऊन बसले व त्यांनी जो प्रश्न आमच्यापुढे ठेवला, त्याची तयारी आमच्याकडून कुणी करून घेतली नव्हती. प्रश्न असा होता : डावखुऱ्या मुलासाठी विजेची गिटार विकत आणावी, की घरी बनवावी?

आमचे मत विचारण्याचे कारण व्यावहारिक होते. मुलगा आमच्या गायनवृंदातला. निम्मा खर्च गायनवृंदाच्या निधीतून करण्याचे आम्ही कबूल केले होते. वडील एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. त्यांनी कागदावर आकडे मांडून आणले होते आणि त्यांचा कौल विकत घेण्याकडे होता. आजोबा एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे खारोडीकडचे कौलारू घर पुनर्बांधणीसाठी नुकतेच पाडले गेले होते. त्या घराची एक सागवानी तुळई त्यांनी हट्टाने राखून ठेवली होती. "फादर, या लाकडाने सत्तर पावसाळे आमचे छप्पर धरून ठेवले, ते सहा तारा धरून ठेवणार नाही काय?" असा त्यांचा सवाल. सोळा वर्षांचा नातू मात्र जमिनीकडे पाहत गप्प बसला होता. त्याच्या गप्प बसण्याचे कारण आम्हांला ठाऊक होते, कारण ते आम्हीच होतो.

दोन वर्षांपूर्वी हा मुलगा गायनवृंदात आला, तेव्हा त्याने वृंदाची जुनी गिटार उचलली आणि सहजपणे उलटी धरली. दांडी उजव्या हातात, तारा छेडायला डावा हात. आम्ही हसून ती सरळ करून दिली. "सगळे असेच वाजवतात," असे सांगितले. वर युक्तिवादही केला की, पडदे दाबण्याचे नाजूक काम तर डावा हातच करतो, तेव्हा डावखुऱ्याला हे अधिकच सोयीचे. युक्तिवाद ऐकायला बरा होता, पण खोटा होता. बोटे कुठे ठेवायची हे सरावाने शिकता येते. ताल मात्र तारा छेडणाऱ्या हातात वसतो आणि तो हात ज्याचा त्याला उपजत मिळालेला असतो. मुलाने आमची आज्ञा पाळली. दोन वर्षांत बोटे चोख बसू लागली, पण ठेका सदैव अर्धा पाऊल मागे. अखेर एके दिवशी त्याने आजोबांना सांगितले की, आपल्याला संगीत येत नाही. आपण आता वृंदात जाणार नाही.

आमची अधिक चूक अशी की, आम्हांला हे कळायला हवे होते. आम्ही स्वतः जन्माने डावखुरे आहोत. गावच्या शाळेत पाटीवर डाव्या हाताने पहिला 'श्री' काढला, तेव्हा बोटांच्या पेरांवर पट्टी बसली. पुढे काही दिवस डावा हात रुमालाने बाकाला बांधून ठेवला जाई. आज आम्ही उजव्या हाताने लिहितो, जेवतो आणि आशीर्वाद देतो. चेंडू मात्र अजून डाव्याच हाताने फेकला जातो. बालपणी आमच्याशी जे झाले, तेच आम्ही पट्टी न उगारता, हसत हसत, त्या मुलाशी केले होते.

यात एकट्या शिक्षकांचा दोष नाही. आपल्या भाषेतच डावे-उजवे भरून राहिले आहे. श्रेष्ठ ठरणारा तो 'उजवा' आणि कुणाला बाजूला सारायचे म्हणजे त्याला 'डावलायचे'. पवित्र शास्त्रातही उजव्या हाताचा मान मोठा. तथापि शास्ते या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात एहूद नावाचा एक डावखुरा पुरुष भेटतो. तो बन्यामीन वंशातला. त्याने आपल्यासाठी हातभर लांबीची दुधारी तलवार स्वतः घडवली आणि ती उजव्या मांडीवर बांधली, असे तेथे नमूद आहे. त्याने तिचा जो उपयोग केला तो अनुकरणीय नव्हे, परंतु डावखुऱ्याने आपले हत्यार आपणच घडवावे, ही कल्पना बरीच जुनी आहे, एवढे त्यावरून दिसते.

त्या तिघांना आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आठवडाभराची मुदत मागितली आणि मुलासह धोबी तलावाच्या परिसरातील वाद्यांची दुकाने धुंडाळली. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, पण दुकानांत ते प्रमाण दिसत नाही. भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारींत डाव्या हाताची एकही नव्हती. मागवता येईल, पण मोजक्या दोन-तीन प्रकारांतूनच निवडावी लागेल, काही महिने थांबावे लागेल आणि हातात घेऊन न पाहताच पैसे भरावे लागतील, असे उत्तर मिळाले. किंमत अठ्ठावीस हजारांच्या घरात. वडिलांच्या कागदावरही तोच आकडा होता.

तिसरा मार्ग म्हणजे उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारा उलट्या क्रमाने चढवणे. जिमी हेंड्रिक्सने उजव्या हाताची गिटार अशीच उलटवून जग गाजवले. तो तात्पुरता उपाय म्हणून आम्ही वृंदाच्या जुन्या विजेच्या गिटारीवर करून पाहिला. त्यातील अडचणी तत्काळ ध्यानात आल्या. दांडीच्या टोकाशी तारांसाठी खाचा असलेली एक पट्टी असते. जाड तार बारीक खाचेत बसेना, वरच राहिली. बारीक तार रुंद खाचेत सैल पडली व खरखरू लागली. आवाजाची बटणे कोपराखाली आली. उंच स्वरांच्या पडद्यांपर्यंत हात पोहोचावा म्हणून अंगाला जी खोल खाच दिलेली असते, ती नेमकी वरच्या अंगाला गेली. एवढे असूनही त्या संध्याकाळी मुलाने डाव्या हाताने चार ठेके वाजवले आणि सभागृह झाडणारा आमचा सेवक झाडू थांबवून ऐकत उभा राहिला. ठेका मागे नव्हता. आम्हांला आमचे उत्तर अर्धे मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर पैशाचे होते, असे आम्हांला आधी वाटले. परंतु दांडी, खुंट्या, घोडी, पिकअप, तारा आणि लागणारी हत्यारे यांची बेरीज केली, तेव्हा घरची गिटारही वीस हजारांच्या जवळ जात होती. पहिल्याच प्रयत्नात हातून काही बिघडले, तर दोन्ही सारखेच. घरी केलेले स्वस्त पडते, हा भ्रम वाचकांनी बाळगू नये. आजोबांना आम्ही हे स्पष्ट सांगितले.

आजोबांकडे मात्र एक दाखला होता, तो नातवानेच त्यांना सांगितलेला. इंग्लंडमधील ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाने १९६३ साली आपल्या वडिलांच्या मदतीने गिटार बनवायला घेतली. दांडीचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. काम सुमारे दोन वर्षे चालले. पुढे तीच गिटार त्याने 'क्वीन' या वृंदात आयुष्यभर वाजवली. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. आम्ही त्याला आमच्याकडचा दाखला जोडला. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे आजही वाद्य हाताने घडते. जेथे कारागीर आहे, तेथे वाजवणाऱ्याचा हात विचारात घेता येतो. जेथे साचा आहे, तेथे हातालाच साच्यात बसावे लागते.

वडिलांचे म्हणणेही आम्हांला पटत होते. दांडी बनवणे हे घरगुती सुताराचे काम नव्हे. खुंटीकडच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६२८ मिलिमीटर असेल, तर त्या लांबीला १७.८१७ ने भागून पहिला पडदा सुमारे ३५ मिलिमीटरवर येतो, मग उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, असे करीत बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, ३१४ मिलिमीटरवर, पडतो. केसभर चूक झाली तरी सूर बेसूर होतात. तेव्हा आम्ही सुचवले ते असे : दांडी व विजेचा भाग विकत घ्यावा, अंग मात्र तुळईतून घडवावे. दांडी अशी निवडावी की, तिच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असतील. अशी दांडी डाव्या-उजव्याचा भेद करीत नाही. वरची पट्टी बदलली आणि कडेचे खुणेचे ठिपके दुसऱ्या बाजूला काढले की झाले. पॉल मॅकार्टनी या डावखुऱ्या वादकाला १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची गिटार आवडली, ती याच कारणाने. तिची दोन्ही अंगे सारखी होती. ती उलटी धरली तरी विद्रूप दिसत नव्हती.

वडिलांनी मान डोलावली. पाऊस संपेपर्यंत तुळईच्या दोन फळ्या झाल्या, पंचेचाळीस मिलिमीटर जाडीच्या. सागात तेल असते. त्यामुळे सांधा धरण्याआधी कडा थिनरने पुसून घ्याव्या लागतात, हे आजोबांनी नातवाला शिकवले. वृंदाच्या गिटारीचा आकार प्लायवूडवर उतरवला, फळीवर आखला आणि करवतीने कापला. तीन आठवडे हे काम चालले. मग एके दिवशी दांडी जागेवर ठेवून पाहिली, तर खोल खाच चुकीच्या बाजूला. पंच्याहत्तर वर्षांच्या उजव्या हाताने सवयीने उजव्याच हाताची गिटार कापली होती. आजोबा मट्‌कन खाली बसले. वडील काही बोलले नाहीत, ते त्यांचे मोठेपण. नातवाने फळी उचलली आणि उलटी करून ठेवली.

पिकअपचे खड्डे अद्याप खोदलेले नव्हते. त्यामुळे फळी उलटताच ती डाव्या हाताची झाली. अधिक काही करावे लागले नाही. फक्त जी बाजू लपवायची ठरली होती, ती आता दर्शनी आली आणि तिच्यावर खिळ्याचे एक काळे भोक होते. जुन्या घरी त्या खिळ्याला दर नाताळात कागदाचा तारा टांगला जाई. लांबी भरून ते बुजवायचे, असे आजोबा म्हणाले. मुलाने नको म्हटले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सभागृहात प्रथमच तारा छेडल्या, तेव्हा यंत्रातून मोठा घूं घूं असा आवाज येऊ लागला. तारांना हात लावला तरी तो थांबेना. घोडीपासून जमिनीची तार जोडायचीच राहिली होती. ती जोडली आणि शांतता झाली. नाताळच्या मिस्सेत ती गिटार वाजली, मंद आवाजात. विजेचे वाद्य मंदिरात शोभते काय, असे एका वडीलधाऱ्यांनी आम्हांला नंतर विचारले. डिसेंबर १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जो दस्तऐवज दिला, त्यात पाईप ऑर्गनला मान देऊनही, उपासनेस योग्य अशा इतर वाद्यांना परवानगीने वाव ठेवला आहे. ते आम्ही त्यांना सांगितले. गिटार चांगली झाली काय, हे मात्र त्यांनी विचारले नाही. विचारले असते, तर सांगितले असते की ती जड आहे, तासाभरात खांदा दुखवते आणि तिच्या तारा पुन्हा पुन्हा लावाव्या लागतात. घाई असणाऱ्याने अथवा नवशिक्याने तयार गिटारच मागवावी. वडिलांचा कागद चुकीचा नव्हता.

मिस्सेनंतर आम्ही त्या मुलाला कचेरीत बोलावले आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या सल्ल्याबद्दल त्याची क्षमा मागितली. धर्मगुरूने सोळा वर्षांच्या मुलाची क्षमा मागावी, हे त्याला अवघड वाटले असावे. तो म्हणाला, "फादर, आजोबांचीसुद्धा चूक झालीच की. फळी फक्त उलटी करावी लागली."

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिलीतली एक मुलगी डाव्या हाताने चित्रे रंगवते. परवा तिच्या आईने ती पेन्सिल हळूच उजव्या हातात दिली. आम्ही आईशी बोललो. तुमच्याही घरी असा एखादा हात असेल. त्याला विकतचे वाद्य द्यावे की घरचे, ते परिस्थिती पाहून ठरवा. परंतु आधी तो हात कोणता आहे, हे नीट पाहून घ्या.