ठकठक

आमच्या घराण्यात मोटार एकदाच आली, आणि जी आली ती जायचे नाव काढीना. वडिलांनी ही प्रीमियर पद्मिनी 1984 साली घेतली. 'घेतली' म्हणायचे इतकेच, कारण त्या काळी नंबर लावून उपवर मुलीच्या बापासारखे ताटकळत बसावे लागे आणि एके दिवशी आपल्या नशिबी आली ती मुकाट्याने घरी न्यावी लागे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातले हे अपत्य, आजोळ इटलीचे, फियाटचे. कारखान्यातून पद्मिनी निघणे बंद होऊन आता पाव शतक झाले. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमची मात्र चंद्रपूरच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी असते, आणि एक्याऐंशी वर्षांचे आमचे बाबा रोज सकाळी तिच्यातून दूध आणायला जातात.

नागपुरात राहून या दूध-यात्रेची काळजी करणे एवढेच माझ्या हाती होते. बाबांना कमी ऐकू येते. कानात घालायचे यंत्र मी आणून दिले, पण ते टेबलाच्या खणात विश्रांती घेत असते. मागून ट्रकने कितीही ठणाणा केला तरी बाबा रस्त्याच्या मधोमध, वनखात्याच्या हत्तीवर बसल्यासारखे, शांतपणे चाललेले. शेवटी गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी एका भंगारवाल्याशी बोलणे केले. तो घरी येऊन, बाबा देवळात गेले असताना, गाडी पाहून गेला. बयाणा म्हणून दोन हजार रुपये त्याने माझ्या हातावर ठेवले. बाबांना काय सांगायचे हे तेवढे ठरायचे होते.

आणि नेमके तेव्हाच बाबा म्हणाले, "एकदा मार्कंड्याला जाऊन येऊ. आपल्याच गाडीने."

नोकरीची पहिली वर्षे त्यांनी आलापल्लीकडच्या जंगलात काढलेली. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला, पण त्यांच्या लेखी तो अजून चांद्यातच आहे. चामोर्शीजवळचे मार्कंडा, तिथली काळवंडलेली देवळे आणि तिथे उत्तरेकडे वळणारी वैनगंगा त्यांना पुन्हा पाहायची होती. म्हटले, चला, गाडीचा हा निरोपसमारंभच होईल.

भल्या पहाटे निघालो. सुकाणू माझ्या हाती, बाबा शेजारी, मागे आमची सौभाग्यवती आणि पुरणपोळ्यांचा डबा. चिचपल्ली मागे पडली, दोन्ही बाजूंनी जंगल सरकत जवळ आले, आणि बॉनेटच्या आतून कोणी तरी दार वाजवू लागले.

ठक्. ठक्. ठक्.

सौभाग्यवतीने डबा उघडून पाहिला. डब्याचा दोष नव्हता. मी वेग वाढवला तर ठोके वाढले आणि कमी केला तर रेंगाळले. गाडी थांबवावी, तर त्या रस्त्यावर वाघाची पाटी होती. या भागात पाटी नुसती शोभेला लावत नाहीत हे चंद्रपूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. तेलाचा तांबडा दिवा लागलेला नव्हता, एवढाच काय तो आधार.

आश्चर्य पुढेच आहे. ज्यांना हॉर्न ऐकू येत नाही ते बाबा म्हणाले, "काही तरी ठोकतंय. पायाला कळतंय."

वहाणा काढून त्यांनी दोन्ही तळपाय गाडीच्या पत्र्यावर टेकले होते, आणि डोळे मिटून ते ऐकत होते.

मूलच्या अलीकडे रस्त्याकाठी एक गॅरेज सापडले. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि खाली साठीचा एक मिस्त्री. पद्मिनी पाहताच जुनी मैत्रीण भेटावी तसा त्याचा चेहरा उजळला.

"का जी, कवापासून आवाज येऊन राहिला?"

खरे सांगतो, वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात जे आले त्याची मला अजून लाज वाटते. मला वाटले, हा आवाज मोठा निघावा. मोटारीतले थोडेबहुत मलाही कळते. पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जिथे धरतो, ते 'बिग एन्ड'चे बेअरिंग झिजले की आतून असाच जड ठोका येतो. मग इंजिन उघडा, शाफ्ट घासा, न मिळणारे सुटे भाग शोधत हिंडा. खर्चाचा आकडा ऐकून बाबा स्वतःच म्हणाले असते, "जाऊ दे, विकून टाक." माझ्या डोक्यावर पाप न येता काम झाले असते. मी मिस्त्रीला बाजूला नेले आणि हळूच म्हणालो, "बिग एन्डच गेलं असेल, नाही का?"

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "तुमाले का पायजे, ते मी कसं सांगू साहेब? इंजिन का म्हणते, ते पाहू."

मग त्याने जे केले ते मी कुठल्याही बड्या डॉक्टरच्या खोलीत पाहिलेले नाही. इंजिन चालू ठेवून तो प्रथम नुसता उभा राहिला. चढावर, ओझ्याखाली तेवढी टणटण असती तर सिलिंडरातले पेट्रोल वेळेआधी भडकत असल्याची शंका येते. प्रज्वलनाची वेळ किंचित मागे सरकवली की ती जाते. पण आमचा ठोका उभ्या गाडीतही होता. टॅपेटचा आवाज शिवणयंत्रासारखा बारीक असतो, आणि इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एकदाच येतो, कारण झडपा उघडणारा शाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. आमचा ठोका जड होता. सैल पिस्टन थंड इंजिनात आपटतो आणि इंजिन तापले की निवळतो. आमची गाडी पस्तीस-चाळीस किलोमीटर धावून तापलेली होती, तरी ठोका तसाच.

नंतर त्याने रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची तार क्रमाने काढली. ज्या सिलिंडरचे बेअरिंग गेले असेल त्याची ठिणगी तोडली की दांड्यावरचा दाब उतरतो आणि ठोका मंदावतो. पहिली तार काढली, इंजिन लंगडले, ठोका तोच. दुसरी, तिसरी, चौथी. ठोका तोच.

"बिग एन्ड नाही," मिस्त्री म्हणाला. माझ्या पोटात, लाज वाटते सांगायला, खड्डा पडला.

मग त्याने हातभर लांबीचा पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि त्यांनी हात पुढे केला. मिस्त्रीने काही न विचारता पेचकस त्यांच्या हाती दिला. बाबांनी मूठ कानामागच्या हाडावर दाबली, आणि त्यांचा चेहरा पालटला. इतक्या वर्षांत त्यांना काही इतके स्पष्ट ऐकू आले नसावे. फिरत्या पंख्यापासून हात जपून दूर ठेवत ते एकेक जागा ऐकत पुढे गेले, आणि इंजिनाच्या पुढच्या टोकाशी थांबून म्हणाले, "इथे आहे."

ऑस्ट्रियातला आउएनब्रुगर नावाचा डॉक्टर खानावळवाल्याचा मुलगा. पिंप ठोकून आत द्रव कुठवर आहे हे ओळखायची युक्ती त्याने माणसाच्या छातीला लावली, आणि 1761 साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे 1816 मध्ये फ्रान्सच्या लेनेकने कागदाची सुरळी छातीला लावून स्टेथोस्कोपचा पाया घातला. बाबांनी ही नावे ऐकली नव्हती. पण उभ्या सागाला कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून, हे भरीव, हे पोकळ, असे सांगण्यात त्यांची उमेद गेली होती. झाड बाहेरून हिरवेगार असते, पण ठोकल्यावर खोटे बोलत नाही, असे ते म्हणत.

मिस्त्रीने पंख्याचा पट्टा उतरवला आणि इंजिन क्षणभर चालवले. ठोक्याची जात बदलली. इंजिन बंद करून त्याने क्रँकशाफ्टच्या टोकावरची पुली दोन्ही हातांनी धरून हलवली. ती हलली. नट ढिला पडला होता आणि पुलीला शाफ्टशी जखडणारी बोटभर चावी खाचेत झिजली होती. एवढ्याशा चावीने बिग एन्डचे सोंग वठवले होते!

"इंजिन खणखणीत हाय बाबूजी," मिस्त्री बाबांच्या कानाशी ओरडला.

नवी चावी घासून बसवायला दोन तास लागले. मजुरी तीनशे रुपये. पुरणपोळी मात्र त्याने मागून दुसरी घेतली.

मार्कंड्याला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. देवळे पाहून झाल्यावर बाबा नदीकाठच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. बराच वेळ ते पाण्याकडे पाहत होते.

"त्या भंगारवाल्याला काय सांगणार आहेस?" त्यांनी विचारले.

मी गप्प राहिलो.

"शेजारच्यांनी सांगितलं मला. म्हणून तर मार्कंडा काढला. म्हटलं, पोरगा वाटेत तरी बोलेल."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग त्यांनीच माझी सुटका केली. "तुझी भीती खोटी नाही. मला मागचं ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. पण तू सरळ तसं म्हणायचं होतंस. इंजिनाचं निमित्त कशाला?"

तिथेच आमचा करार झाला. दूध पायी आणायचे. गाडी ते चालवतील ती मी किंवा सौभाग्यवती शेजारी असू तेव्हाच, आणि यंत्र कानात घालून. गाडी विकायची नाही. परतीच्या वाटेवर तीच अट पाळून त्यांनी गाडी चालवली. सावलीच्या पुढे अंधार पडला तेव्हा त्यांनी आपण होऊन गाडी कडेला घेतली, आणि किल्ली न मागता माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी दोन हजार रुपये परत करायला गेलो. भंगारवाला हिरमुसला. "काय झालं साहेब? इंजिन तर पोकळ म्हणत होता तुम्ही?"

"ठोकून पाहिलं," मी म्हणालो. "भरीव आहे."