जिंकलेला अशील

ऑनलाइन कॅसिनोत हरलेला माणूस वकिलाकडे येत नाही, तो घरातही बोलत नाही. माझ्याकडे येतो तो जिंकलेला.

पैसे भरताना त्याला मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरला होता. काढायला गेल्यावर पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, शिवाय कार्ड हातात धरून सेल्फी. पाठवला, तर फोटो अस्पष्ट. पुन्हा पाठवला, तर लाइटबिल वडिलांच्या नावावर. दरम्यान अडकलेल्या रकमेशेजारी ‘विथड्रॉवल रद्द करा’ हे बटण असतंच, आणि कंटाळून एका रात्री ते दाबलं जातं. मग रक्कम परत डावात.

ब्रिटनमध्ये मे २०१९ पासून नाव, पत्ता, जन्मतारीख पडताळल्याशिवाय खेळूच देता येत नाही. आधी मागता आली असती अशी कागदपत्रं पैसे काढताना आडवी घालता येत नाहीत. ते रद्द करायचं बटणही २०२१ पासून कायमचं बंद आहे. गोव्यातसुद्धा मांडवीतल्या कॅसिनोत ओळखपत्र आत शिरतानाच बघतात. पडताळणीला माझी ना नाही. अल्पवयीन मुलं आणि काळा पैसा अडवायचा तर ती हवीच. जिंकल्यावरच सुचणाऱ्या पडताळणीचा मात्र मला संशय येतो.

कागदपत्रं पास झाली तरी बोनसची अट उरते. ५,००० रुपयांचा बोनस आणि ४० पट वेजरिंग, म्हणजे २ लाखांचे डाव लावल्याशिवाय सुटका नाही. एका शून्याच्या रुलेटमध्ये कॅसिनोचा वाटा २.७ टक्के. २ लाखांवर सरासरी ५,४०० रुपये गेले, म्हणजे बोनस फिटून वर चारशे त्यांनाच.

खरी पंचाईत पैसे मिळाल्यावर होते. परदेशात बसलेल्या या साइट्स इथला व्यवहार भाड्याच्या खात्यांतून करतात. एका अशिलाच्या स्टेटमेंटवर भरणा एका किराणा दुकानाच्या यूपीआय आयडीवर गेलेला दिसत होता, आणि जिंकलेले ४८,००० तीन अनोळखी माणसांच्या नावांनी आले होते. त्यातल्या एका खात्यात शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली फसलेल्या, दुसऱ्या राज्यातल्या बाईंचे पैसे फिरून आलेले. बाईंनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलिसांनी पैशांचा माग काढला, आणि खात्यांच्या साखळीत आमचा अशील तिसऱ्या लेअरमध्ये, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर, सापडला. बँकेने आख्खं पगाराचं खातं गोठवलं, घराचा हप्ता बाउन्स झाला.

तपास अधिकाऱ्याचा प्रश्न साधा होता: या माणसाने तुम्हाला पैसे कशाचे दिले? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातली. त्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे खरं सांगायला अशील कसाबसा तयार झाला. पण साइटने उद्या पैसे बुडवले, तर कोर्टातही जाता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार मुळातच मानत नाही.

वादातली रक्कम तेवढीच अडवा, बाकी खातं मोकळं करा, असा अर्ज मी दिला. ते काम झालं. पॅन आणि सेल्फी मात्र त्या साइटकडेच राहिले, आणि परत मागायचे कोणाकडे हा प्रश्नच आहे. त्याला सिबिलचा रिपोर्ट अधूनमधून बघत जायला सांगितलंय. त्याच्या पॅनवर भलत्याच कोणी कर्ज उचललं, तर तिथे नोंद दिसेल.