नव्या पेठेतला ‘निवारा’

पुण्याला गेलात की तुळशीबाग होतेच, सारसबागेतला गणपती होतो. या खेपेला मैत्रिणींनो, एक दुपार नव्या पेठेतल्या ‘निवारा’साठी राखून ठेवा. कुणी नसलेल्या, किंवा असून नसलेल्या वृद्धांचं हे जुनं घर, बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. ते १८६४ साली पुण्यातच वारले; कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात त्यांची कबर आहे.

जाण्याआधी कार्यालयात विचारून घ्या, काय हवं तेही विचारा. डबाभर लाडू नेण्याचा मोह आवरा, मधुमेह पुष्कळांना असतो.

आणि एखाद्या आजींजवळ टेकलात की ‘मुलगा येतो का हो भेटायला?’ हे तेवढं विचारू नका. २००७ च्या कायद्याने आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण पोटच्या पोरावर फिर्याद करायला कुठल्या आईचा जीव होतो? उलट त्या त्याचीच बाजू घेतील, आणि तुम्ही गेल्यावर रात्रभर जागतील. त्यापेक्षा लिंबाचं लोणचं कडू का होतं ते विचारा. ‘बिया काढत नाही तुम्ही आजकालच्या!’ म्हणताना आवाज कसा चढतो बघा.

निघताना हात धरून ‘पुन्हा कधी?’ म्हणतील. येणं होणार असेल तरच वार सांगा. वार लक्षात ठेवतात हो त्या.