पोटातले कावळे, पोटातले उंदीर

भाची सातवीत आहे, मराठी माध्यमात. ईदनंतर आपाकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा तिने निबंधाची वही माझ्यापुढे आणून टाकली. विषय ‘माझा पहिला रोजा’. टपोरं अक्षर, दीड पान भरलेलं. मध्ये एका वाक्याभोवती लाल शाईचा गोल. तिने लिहिलं होतं, ‘असरच्या नमाजनंतर माझ्या पोटात उंदीर पळू लागले.’ समासात बाईंची दुरुस्ती होती, ‘पोटात कावळे ओरडणे’.

“मामू, हमारे पेट में कव्वे कायकू आएंगे?” तिने विचारलं.

सगळे हसले. ती हसली नाही. ते वाक्य तिला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलं होतं.

बाईंची बाजूही खोटी नाही. वाक्प्रचार ठरलेला असतो, परीक्षेत तो तसाच लागतो. पण मुलीची चूक नक्की कोणती? भुकेला जनावर करून पोटात सोडायचं, ही युक्ती तिला पुरती कळली होती. फक्त जनावर तिने आपल्या घरचं घेतलं. दखनीत, उर्दूत, हिंदीत भुकेचे उंदीर असतात, मराठीत कावळे. भाषेचा रिवाज माहीत नसणं वेगळं आणि आलंकारिक बोलणं न कळणं वेगळं. लाल गोलात दोन्ही एकच दिसतात.

माझं शाळेत नेमकं उलटं झालं होतं. आलंकारिक शब्दांची यादी मला तोंडपाठ होती. अकरावा रुद्र म्हणजे तापट माणूस, उंबराचं फूल म्हणजे क्वचित भेटणारी व्यक्ती, लंकेची पार्वती म्हणजे अंगावर दागिने नसलेली स्त्री. गुण पूर्ण मिळाले. कळलं मात्र काहीच नव्हतं. पुढे एकदा शेजारच्या काकू पाटल्या गहाण टाकून आल्या आणि अम्मीजवळ बसून म्हणाल्या, “झाले बाई मी लंकेची पार्वती.” त्या दिवशी तो शब्द मला कळला. उंबराच्या फुलाचंही तसंच. आमच्या घरात अशा माणसाला ‘ईद का चाँद’ म्हणतात. हे दोन्ही एकच आहेत, असं मला वर्गात कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे मुल्लाची धाव मशिदीपर्यंत, मराठीत सरड्याची कुंपणापर्यंत. (यात मराठी जास्त सभ्य आहे, असं अब्बा म्हणायचे.)

अब्बा उर्दू शाळेत शिकलेले. मी उपमा अलंकाराची चार अंगं घोकत बसलो की ते पलंगावरून त्यांची चार म्हणायचे. मी ‘उपमेय’ म्हटलं की ते ‘मुशब्बह’. मी ‘उपमान’, ते ‘मुशब्बह बिह’. साधारण धर्म म्हणजे ‘वजह-ए-शबह’, सारखेपणाचं कारण. आणि साम्यवाचक शब्द म्हणजे ‘हर्फ-ए-तश्बीह’. संस्कृतातून आलेला हिशोब आणि अरबी-फारसीतून आलेला हिशोब, चार खाती तंतोतंत जुळणारी. त्या वयात मला त्याची गंमत वाटली नाही, अभ्यास डबल झाला म्हणून राग आला.

आता शनिवारी संध्याकाळी मोहल्ल्यातली सहावी-सातवीची पाच-सहा मुलं माझ्याकडे बसतात, भाचीही. गाईडने त्यांना शॉर्टकट शिकवलेला आहे. ‘सारखा’, ‘जसा’, ‘प्रमाणे’ दिसलं की उपमा. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. काहीच दिसलं नाही की रूपक. मुलं शब्द शोधतात, अर्थाकडे बघतही नाहीत. म्हणून मी अलंकाराचं नावच विचारत नाही. कशाबद्दल बोलणं चाललंय? ते कशाला जोडलंय? दोघांत सारखं काय? आणि सारखं काय नाही? हा चौथा प्रश्न पुस्तकात नाही, पण मुलांना तोच आवडतो. चंद्रासारखं मुख म्हटलं तर तेज घ्यायचं, शांतपणा घ्यायचा, खड्डे घ्यायचे नाहीत. खड्डे कुणाच्या चेहऱ्यावर आहेत यावरून तिथे मारामारी झाली, ते सोडा.

रूपकापाशी आलो तेव्हा सांगितलं, उपमेत ‘सारखा’ हा शब्द मध्ये उभा असतो, दोन वस्तूंना वेगळं ठेवतो. रूपकात तो निघून जातो. दोन्ही एकच आहेत असं मानून बोलायचं. उदाहरण द्या, म्हटलं.

एक मुलगा, एरवी मागे बसून पेन्सिल चावणारा, म्हणाला, “सर, शाळेतली पोरं आपल्या मोहल्ल्याला मिनी पाकिस्तान म्हणतात. ते रूपक ना?”

मी गप्प. पोरं मात्र गप्प नव्हती. त्यांना चार प्रश्नांची सवय लागलेली. कशाबद्दल? आपला मोहल्ला. कशाला जोडलं? पाकिस्तानला. सारखं काय? इथे थोडं थांबले. एक म्हणाला, मशीद. दुसरा म्हणाला, मशीद तर बाजारपेठेतही आहे, तिला कुणी म्हणत नाही. सारखं काय नाही, याची यादी मात्र धडाधड आली. तीन दिवसांआड येणारं नळाचं पाणी. नगरपालिकेची शाळा. चौकातला रिक्षा स्टँड. पंधरा ऑगस्टला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने वाटलेली जिलेबी. आजोबांचा मतदार यादीतला नंबर. पाकिस्तान त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलंच नव्हतं, मग उपमानाचं काय करायचं, असाही एकाने मुद्दा काढला.

“म्हणजे साधारण धर्म नाहीच, सर,” पेन्सिलवाला म्हणाला. “मग हे रूपक चूक आहे.”

व्याकरणाने त्याला हे उत्तर मिळालं आणि तो खूश झाला. ज्यांनी म्हटलं ते त्याला साधारण धर्म कोणता सांगतील, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. बारा वर्षांचा आहे तो.

मुलं पांगल्यावर भाची चपला घालताना थांबली. सोमवारी घटक चाचणी होती. “मामू, रूपकाचं उदाहरण विचारलं तर हेच लिहू? आणि खाली कारण, की चूक का आहे?”

मी तिला पुस्तकातलंच उदाहरण लिहायला सांगितलं. प्रश्न दोन गुणांचा होता. तिने “अच्छा” म्हटलं आणि जाता जाता वळून विचारलं, “और चूहे?”

“वो लिख,” मी म्हणालो. “कावळे पण लिही. दोन्ही लिही.”